बाद

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पांढऱ्या दिव्याखाली.
रेघ केसाएवढी सरकली
की लाल पेन्सिल, खूण, कागद बाद.
कुणाच्या खिशात जायच्या आधीच
किती शंभराच्या मी मोडल्या,
हिशोब सरकारकडे असेल.

आता पेन्सिल काळी. टू-बी.
मेनरोडच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"नातवाला का, आजी?"
हो म्हटलं.
मला नातू नाही, पण दहा टक्के सूट मिळाली.

सकाळी उन्हं तापायच्या आत भांडीबाजार.
सोमनाथ तांबटाच्या दुकानासमोर
बंद शटरच्या पायरीवर बसायचं.
तो घंगाळ मठारतो,
आणि दर ठोक्याला त्याचा डावा कान
किंचित मागे जातो.
त्याच्या बायकोलाही हे ठाऊक नसावं.
तो कान काढण्यात माझे चार दिवस गेले.
पाचव्या दिवशी त्यानं वही मागितली,
हात लांब करून पाहिली,
कानाबद्दल अवाक्षर नाही.
"घंगाळ चेपलंय तुमचं," म्हणाला,
आणि ठोका जिथं पडायला हवा होता
तिथं बोट टेकवलं.
तो काळा ठसा मी खोडलेला नाही.

दुपारी वरच्या मजल्यावर
नलूताई गायधनी भीमपलास शिकवतात.
एका मुलीचा निषाद महिनाभर अडलाय.
"अगं, उभी नको राहूस त्याच्यावर,
टेकल्यासारखं कर, नि नीघ."
खाली मी गॅलरीत,
वाळत घातलेल्या चादरीच्या ओझ्यानं
दोरीला आलेला झोळ काढत होते.
सरळ रेघ मला येते, नको तितकी येते;
झोळ येत नव्हता. अकरा वेळा खोडला,
कागदाला लव आली.
आणि वर त्या मुलीला
निषाद नाही, त्याच्या आसपासची एक जागा
एकदम सापडली.
माझा हात तिच्यामागून गेला.
कुठून सुटला, कुठे टेकला, कळलं नाही,
चादर मात्र ओली दिसायला लागली.
दूध उतू गेलं होतं. जाऊ दे.

रंगपंचमीला तिवंध्यावर गेले, वही पिशवीत लपवून.
वर्षभर ज्या रहाडीवरून
रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात,
मी स्वतः चपला फटफटवत जाते,
तिच्या फळ्या उघडल्या की दर वेळी वाटतं,
ही आपल्या पायाखाली होती!
पूजा झाली, कढवलेला रंग ओतला,
आणि पहिल्या धप्प्याला
मला हवा होता तो हवेतला क्षण,
पाय पोटाशी घेतलेला मुलगा,
खाली वाट पाहणारं पिवळं पाणी.
मुलगा निम्मा काढून झाला होता.
उरलेल्या निम्म्यावर रहाड स्वतःच आली.
घरी येऊन वही पंख्याखाली धरली.
दोन पानं चिकटली आहेत:
त्यात तांबटाचा कान आहे की दोरीचा झोळ, आठवत नाही.
सुरी घालून सोडवता येतील.
अजून घातलेली नाही.

मग चैत्र. कैऱ्या किसून हात आंबलेले,
डाळ भिजत पडलेली,
आणि जिन्याच्या चौकात चैत्रांगण माझ्याकडे.
शंख, गोपद्म, कासव, आरसा, फणी.
सासूबाई हे डोळे मिटल्यासारखं काढायच्या;
त्यांनी कधी पेन्सिल धरली नव्हती.
मी गुडघ्याखाली उशी घेऊन बसले,
चिमटीतून रांगोळी सुटत गेली,
वरून तानपुरा जुळवल्याचा आवाज,
जोड लागेना, पुन्हा पुन्हा खुंटी,
आणि त्या लागेना-लागेनातच माझं अर्धं अंगण झालं.

फणीला एक दात कमी पडलाय.
पांढऱ्या दिव्याखाली शिकलेला डोळा,
त्याला लगेच दिसला.
हात रांगोळीच्या वाटीकडे गेलाही.
तेवढ्यात नलूताईंची ती मुलगी जिना उतरली,
कठडा धरून, चपला हातात घेऊन,
भिंतीला अंग चोरून पलीकडे गेली
आणि खालच्या पायरीवरून मान वळवून म्हणाली,
"काकू, कासव हसतंय तुमचं."

कासवाकडे मी पाहिलंच नव्हतं.